सगळ्या सवलतींनंतर उरते ती नमाज



ज्या गुरुजींच्या नावानं ही व्याख्यानमाला चालते, त्यांना रोजच्या साध्या आचाराचं मोल फार होतं. म्हणून वर्षातून दोनदा येणाऱ्या ईदपेक्षा दिवसातून पाचदा येणाऱ्या नमाजवर बोलावं असं मी ठरवलं. बांग आपण सगळेच लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पहाटेच्या बांगेवर धार काढायला उठणारी घरं मी आमच्या कोकणात पाहिली आहेत, आणि ती सगळीच मुसलमानांची नव्हती. पण बांगेनंतर मशिदीत काय होतं, ते कशासाठी होतं, हे शेजारी राहूनही पुष्कळांना ठाऊक नसतं.

नमाजचं महत्त्व सांगताना आजकाल दोन गोष्टी हटकून सांगितल्या जातात. तिनं शरीराला व्यायाम होतो आणि मनाला शांती मिळते. सांगणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, पण मला हा रस्ता पटत नाही. गुडघ्यांना व्यायाम हवा असेल तर त्याला दुसरे उपाय आहेत. आणि नमाजनंतरही ज्याचं मन अशांत राहिलं त्याची नमाज वाया गेली, असं कुठलाही आलिम, म्हणजे धर्मपंडित, म्हणणार नाही. मी दुसऱ्या बाजूनं येणार आहे. इस्लामी आचारशास्त्रानं, म्हणजे फिकहनं, नमाजमध्ये ज्या सवलती दिल्या आहेत त्या मी तुमच्यापुढे ठेवणार आहे. एखाद्या विधीतलं काय काय सोडलं तरी चालतं हे एकदा पाहिलं, की कशावाचून चालत नाही ते दिसू लागतं.

आधी थोडी ओळख. दिवसाच्या पाच नमाजा: पहाटेची फजर, दुपारची जोहर, उन्हं कलल्यावर असर, सूर्यास्तानंतर लगेच मगरीब आणि रात्रीची इशा. फर्ज, म्हणजे अनिवार्य, रकाती अनुक्रमे २, ४, ४, ३ आणि ४. एकूण १७. प्रत्येक रकातीत उभं राहून कुराणपठण, एकदा कमरेत वाकणं म्हणजे रुकू, आणि दोनदा कपाळ जमिनीला टेकवणं म्हणजे सजदा. प्रत्येक रकातीत फातिहा असते, कुराणातला सात आयतींचा पहिला अध्याय. सेवाग्रामच्या सर्वधर्मप्रार्थनेला बसलेल्यांच्या कानांवर ती पडलेली आहे. रैहाना तय्यबजींमुळे ती गांधीजींच्या आश्रमाच्या प्रार्थनेत आली. त्या सात आयतींत ईश्वराची स्तुती आहे, त्याच्याशी बांधून घेणं आहे आणि सरळ वाट दाखवण्याची मागणी आहे. भाकरीची, पैशाची, शत्रूच्या नाशाची मागणी तिथे नाही.

इस्लामचे पाच आधारस्तंभ म्हणतात, त्यांत जकात ज्याच्यापाशी शिल्लक आहे त्यानं द्यायची, हज ज्याला झेपेल त्यानं करायची, रोजे वर्षातला एक महिना. कलमा मनानं मान्य करून एकदा उच्चारला की माणूस आत आला. रोज, प्रत्येकानं, गरिबानं आणि श्रीमंतानं सारखंच करायचं असं एकच उरतं, ते म्हणजे नमाज. ज्याच्याकडे द्यायला दमडी नाही आणि मक्केला जायची आयुष्यात आशा नाही, त्या माणसाचा धर्म बहुतेक सगळा नमाजमध्येच असतो. आमच्या गावातल्या कितीतरी म्हाताऱ्यांचा तो तसाच होता.

आता सवलती. नमाजची सुरुवातच, परंपरेप्रमाणे, एका सवलतीनं झाली आहे. मेराजच्या, म्हणजे स्वर्गारोहणाच्या, रात्री पैगंबरांना दिवसाच्या ५० नमाजांचा आदेश मिळाला. परतताना वाटेत हजरत मूसा भेटले. तुमच्या लोकांना हे पेलणार नाही, परत जाऊन कमी करून घ्या, असं त्यांनी सांगितलं. पैगंबर परत गेले, संख्या उतरली. मूसांनी पुन्हा पाठवलं. असं होत होत पाच उरल्या, आणि पुण्य मात्र पन्नासांचंच राहिलं. आणखी कमी करून घ्या असं मूसा तेव्हाही म्हणत होते, पण आता मागायची लाज वाटते, असं पैगंबरांनी उत्तर दिलं. मला या कथेत सगळ्यात मोठी वाटते ती मूसांची काळजी. आपल्या लोकांचा अनुभव गाठीशी असलेला एक जुना पैगंबर दुसऱ्याच्या लोकांसाठी रदबदली करतो आहे. माणसाच्या कुवतीचा विचार नमाजच्या मुळाशीच आहे.

पाण्याचं पाहा. नमाजआधी वजू करायचा: हात, तोंड, नाक, चेहरा, कोपरापर्यंत हात धुणं, डोक्यावरून ओला हात फिरवणं, पाय धुणं. मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटजवळची जुमा मशीद एका जुन्या तलावावरच बांधलेली आहे. १८०२ साली ती पुरी झाली आणि त्याच तलावाच्या पाण्यानं लोक वजू करत आले. पण पाणीच नसेल तर? एका प्रवासात पैगंबरांच्या पत्नी हजरत आयेशा यांचा गळ्यातला हार हरवला. तो शोधण्यासाठी सगळा तांडा थांबला, आणि थांबला तिथे पाणी नव्हतं. लोक वैतागले. आयेशांचे वडील अबू बक्र लेकीवर भडकले, तुझ्यामुळे सगळे अडकले म्हणाले. सकाळी तयम्मुमची आयत आली: पाणी नसेल तर स्वच्छ मातीवर हात टेकवून चेहऱ्यावर आणि हातांवर फिरवा. नंतर उंट उठवला तर हार त्याच्याच खाली सापडला. आजाऱ्याला पाणी बाधत असेल तर त्यालाही हीच मुभा आहे. म्हणजे पाणी सुटलं.

उभं राहणं? इम्रान बिन हुसैन नावाच्या सहाबींना, म्हणजे पैगंबरांच्या सोबत्यांना, मूळव्याधीचा त्रास होता. त्यांनी विचारलं, तेव्हा पैगंबरांनी सांगितलं की उभं राहून कर, नाही जमलं तर बसून, तेही नाही जमलं तर कुशीवर पडून. पुढे फिकहच्या ग्रंथांनी ही शिडी आणखी खाली नेली. मान हलवता येत नसेल तर शाफई पंथात पापण्यांच्या खुणेनं रुकू आणि सजदा करायचा, आणि तेवढंही बळ नसेल तर मनातल्या मनात. माझी आई शेवटच्या आजारात इस्पितळात होती. हाताला सुई, नाकाला नळी. किबल्याकडे, म्हणजे नमाजच्या दिशेला, खाट वळवणं शक्य नव्हतं. आम्ही भावंडं म्हणायचो, आई, आता तुला माफ आहे. ती ऐकायची नाही. असर झाली का, एवढंच विचारायची आणि डोळे मिटायची. पापण्या दोनदा खाली जायच्या तेव्हा सजदा चालू आहे हे आम्हाला कळायचं. फिकहच्या पुस्तकात हा नियम मी तरुणपणी वाचला होता, तेव्हा तो मला काथ्याकूट वाटला होता. खाटेशी उभं राहिल्यावर कळलं की हा नियम लिहिणाऱ्यानंही अशीच कुणाची तरी खाट पाहिली असणार.

दिशेचं तसंच. हिजरी सनाच्या दुसऱ्या वर्षापर्यंत किबला जेरुसलेमकडे होता, मग तो मक्केकडे वळला. आपल्याकडून मक्का पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे. माझे वडील बोटीवर खलाशी होते. आमच्या रत्नागिरीकडची कित्येक मुसलमान घरं बोटीवरच्या पगारावर उभी राहिली. ते सांगायचे, होकायंत्र पाहून उभं राहायचं, आणि नमाज चालू असताना बोट वळली तर आपणही वळायचं. दिशा कळायला काही मार्गच नसेल तर अंदाज करून पढायची. प्रवासात चार रकातींच्या दोन होतात. साधारण ८० किलोमीटरपलीकडच्या प्रवासाला ही सूट आहे. रणांगणावर सैन्याचे दोन गट करायचे, एकानं इमामामागे उभं राहायचं, दुसऱ्यानं पहारा करायचा, मग अदलाबदल. ही रीत कुराणाच्या निसा अध्यायातच सांगितली आहे. धोका त्याहून मोठा असेल तर चालता चालता, घोड्यावर बसूनही. झोप लागली किंवा विसर पडला तर आठवेल तेव्हा. जेवण समोर वाढलेलं असेल तर आधी जेवावं, मग उठावं. मासिक पाळीच्या काळात बाईला नमाज पूर्ण माफ आहे, आणि राहिलेल्या रोज्यांसारखी ती नंतर भरूनही काढायची नाही.

पाणी सुटलं, उभं राहणं सुटलं, दिशा सुटली, लांबी निम्मी झाली. झोपेचा आणि विसराचा अपवाद सोडला, तर शुद्धीवर असलेल्या माणसाची एकच गोष्ट फिकहनं सोडलेली नाही, ती म्हणजे वेळ. नमाज ठरल्या वेळी बांधलेली आहे, हे कुराण त्याच निसा अध्यायात, युद्धातल्या सवलतींच्या लगोलग सांगतं. हा क्रम मला फार अर्थपूर्ण वाटतो. जोहर-असर किंवा मगरीब-इशा जोडून पढण्याची मुभा शाफईंना प्रवासात आहे, शिया, त्यांत बोहराही, एरवीही जोडून पढतात. पण जोडण्यालाही वेळेची चौकट आहेच. दुपारच्या नमाजचं सकाळी आगाऊ काही करून ठेवता येत नाही.

आणि ही वेळ कशानं मोजायची? सूर्यानं. इथे जरा थांबतो, कारण हा माझ्या आवडीचा भाग आहे. जोहर सुरू होते सूर्य माथ्यावरून कलला की. असर सुरू होते ती सावलीवरून: काठीची सावली, मध्यान्हीला उरलेली सावली वजा करून, काठीएवढी झाली की शाफईंची असर; दुप्पट झाली की हनफी पंथाची. मुंबईत मे महिन्यात एक दिवस असा येतो की मध्यान्हीला काठीची सावली काठीखालीच जाते, त्या दिवशी वजाबाकीची गरजच नसते. दोन्ही असरांत तासाच्या आसपास अंतर पडतं. आम्ही कोकणी मुसलमान शाफई, कारण आमच्याकडे इस्लाम अरबी समुद्रावरून व्यापाऱ्यांबरोबर आला. मराठवाडा आणि देशावरचे बहुतेक मुसलमान हनफी, कारण तिकडे तो मध्य आशियातून, दिल्लीवरून खुष्कीनं आला. मुंबईतल्या मोहल्ल्यात संध्याकाळी थोड्या अंतरानं असरच्या दोन बांगा ऐकू येतात, त्यामागे समुद्र आणि जमीन असे दोन रस्ते आहेत. माहीमचे मखदूम अली माहिमी, १३७२ ते १४३१, हे या समुद्राच्या वाटेचेच वारस. कुराणावर अरबी भाष्य लिहिणारा हा मुंबईकर विद्वान शाफई फिकहवरही लिहून गेला आहे. लोक आज त्यांना उरुसापुरते ओळखतात, हे मला खटकतं.

सावली मोजण्याच्या या गरजेतून मशिदींमध्ये मुवक्किताचं पद निर्माण झालं. मुवक्कित म्हणजे नमाजच्या वेळा काढणारा ज्योतिर्विद. दमास्कसच्या उमय्यद मशिदीत इब्न अल-शातिर हे पद सांभाळत होते. १३७१ साली त्यांनी मिनारावर बसवायला संगमरवरी छायायंत्र केलं. चंद्राच्या आणि ग्रहांच्या गतीची त्यांनी मांडलेली गणितं पुढे कोपर्निकसच्या गणितांशी इतकी जुळलेली आढळली, की अभ्यासक त्यावर अजून वाद घालतात. हा माणूस पगार घेत होता तो नमाजच्या वेळा सांगण्याचा.

सूर्यच जिथे साथ देत नाही तिथे काय? बगदादच्या खलिफाचा दूत इब्न फदलान ९२२ साली व्होल्गा नदीकाठच्या बुल्गार राज्यात पोहोचला. त्यानं लिहून ठेवलंय की बगदादहून आलेल्या एका शिंप्याशी तंबूत गप्पा मारत तो इशाच्या बांगेची वाट पाहत होता. बांग झाली म्हणून बाहेर आला, तर उजाडलेलं. कुठली बांग दिलीस, विचारलं. फजरची, बांगी म्हणाला. मग इशा? ती आम्ही मगरीबबरोबरच पढतो. त्या बांगीनं पुढे सांगितलं की पहाटेची नमाज चुकेल या भीतीनं तो महिनाभर रात्री झोपलेला नव्हता. उत्तरेच्या त्या छोट्या रात्रीत जागणारा हा अनाम बांगी मला मोठमोठ्या सुलतानांपेक्षा जवळचा वाटतो.

बुल्गारच्या या रात्रींनी हनफी शास्त्रकारांना शतकानुशतकं वादाला विषय दिला. संधिप्रकाश मावळतच नसेल, तर इशाची वेळ आलीच नाही, मग ती फर्ज कशी, असं काहींचं म्हणणं. दुसऱ्यांनी एका हदीसचा आधार घेतला. जगाच्या अंतकाळी एक दिवस वर्षाएवढा लांबेल असं पैगंबरांनी सांगितलं, तेव्हा सोबत्यांनी विचारलं की त्या दिवशी एकाच दिवसाच्या नमाजा पुरतील का. नाही, अंदाज करून वेळा ठरवा, असं उत्तर मिळालं. एवढ्या भयंकर भविष्याचं वर्णन ऐकताना त्या लोकांना शंका सुचली ती नमाजची! कझानचे शिहाबुद्दीन मर्जानी यांनी १८७० साली याच प्रश्नावर एक अख्खा ग्रंथ लिहिला आणि इशा त्या रात्रीही फर्जच, असा कौल दिला. पुढे २००७ साली मलेशियाचे शेख मुझफ्फर शुकूर आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर गेले. दिवसाला सोळा वेळा सूर्य उगवतो अशा ठिकाणी पाच नमाजा कशा बसवायच्या? मलेशियाच्या आलिमांनी ठरवलं की २४ तासांत पाचच, आणि वेळ जिथून यान उडालं त्या बैकानूरची. किबल्यासाठी काबा, नाही जमलं तर काबाच्या वरची आकाशातली जागा, नाही तर पृथ्वी, तेही नाही तर जिकडे तोंड असेल तिकडे. शिडी तीच, खाटेवरच्या आजाऱ्यासाठी बांधलेली.

वेळेचा हा आग्रह का, याचं उत्तर मी असं देतो. दुआ कधीही मागता येते. दुःख झालं, आनंद झाला, हात वर केले. तिला वेळ नाही, भाषेचं बंधन नाही. पण फक्त दुआ असती तर माणूस ईश्वराकडे आपल्या मर्जीनं गेला असता, आणि आपली मर्जी किती टिकते हे आपल्याला माहीत आहे. नमाज माणसाला त्याच्या मर्जीतून सोडवते. मन लागो न लागो, उठायचं. इमाम गझालींनी ‘इह्या’ या ग्रंथात यावर फार प्रामाणिकपणे लिहिलं आहे. मन हजर नसलेली नमाज हे निर्जीव धड आहे असं त्यांचं मत. पण सगळ्यांकडून सगळा वेळ ते मागता येणार नाही हे ओळखून फकीहांनी, म्हणजे फिकहच्या शास्त्रकारांनी, निदान सुरुवातीच्या तकबीरपुरतं, म्हणजे ‘अल्लाहु अकबर’ म्हणण्यापुरतं, मन हजर असावं एवढीच अट ठेवली, हेही ते सांगतात. मन येईल तेव्हा येईल, पण त्यानं यायची जागा रोज झाडून ठेवलेली असावी.

ही जागा दुसऱ्या कुणाला हिरावून घेता येत नाही, याचा एक दाखला देतो. सेनेगलमधल्या बुंदूचा अय्यूब सुलेमान दियालो हा शिकलेला तरुण पकडला गेला आणि १७३१ मध्ये अमेरिकेतल्या मेरीलँडला गुलाम म्हणून विकला गेला. गुरं राखता राखता तो रानात जाऊन नमाज पढायचा. एक गोरा पोरगा त्याच्यावर पाळत ठेवून त्याची टिंगल करायचा, सजद्यात असताना तोंडावर माती फेकायचा. शेवटी तो पळाला, पकडला गेला, तुरुंगात पडला. त्याची कहाणी १७३४ साली लंडनमध्ये छापली गेली. तुरुंगातून परत आणल्यावर मालकानं त्याला निवांत नमाज पढायला जागा दिली, असं तीत नोंदलेलं आहे. पुढे सुटका झाल्यावर लंडनमध्ये त्यानं आठवणीतून कुराणाच्या प्रती लिहून काढल्या. त्याचं नाव बदललं गेलं होतं, गाव गेलं होतं, बायकामुलं गेली होती. दिवसाच्या पाच वेळा मात्र त्याच्याकडेच होत्या.

एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. नमाजी असणं हा चांगुलपणाचा दाखला नाही. कुराणाचा माऊन हा छोटा अध्याय नमाजी लोकांवरच कडक शब्दांत बोट ठेवतो: अनाथाला हाकलणारे, दिखाव्यासाठी पढणारे, शेजाऱ्याला साधी वापरायची वस्तू द्यायला नाकारणारे. कुराणात नमाज आणि जकात जागोजाग जोडीनं येतात ते उगाच नाही. दुसऱ्याच्या नमाजा मोजणारी मंडळी आमच्या समाजात कमी नाहीत. मुआज बिन जबल यांनी इमाम म्हणून इशाच्या नमाजमध्ये लांबलचक अध्याय लावला, तेव्हा दिवसभर राबून आलेला एक माणूस जमात, म्हणजे सामूहिक नमाज, सोडून बाजूला झाला. मुआजनी त्याला दांभिक ठरवलं. तक्रार पैगंबरांपर्यंत गेली, आणि ते रागावले मुआजवरच, तू लोकांना संकटात टाकतोस का, असं विचारून. हा प्रसंग आमच्या प्रत्येक पेशइमामानं दर शुक्रवारी आठवावा.

पैगंबर स्वतः नमाज लांबवायच्या बेतात असत आणि एखादं मूल रडलेलं ऐकलं की आईचा जीव कासावीस होईल म्हणून आटोपती घेत. या हदीसचा अर्थ सवलतीपुरता पाहू नका. मूल रडत होतं म्हणजे आई मशिदीत होती. आज आपल्या राज्यातल्या बहुतेक मशिदींत ती आई येऊ शकत नाही. पुण्याच्या एका दांपत्यानं २०१९ साली याच मागणीसाठी सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. जानेवारी २०२० मध्ये ऑल इंडिया मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डानं न्यायालयात लिहून दिलं की बायकांना मशिदीत नमाजसाठी यायला धर्माची मनाई नाही. जमातीला येणं त्यांच्यावर फर्ज नाही इतकंच. मनाई नाही हे मान्य झालं, तर उरतो तो बांधकामाचा प्रश्न: वेगळा जिना, वजूचे नळ, एक खोली. तालुक्याच्या बाजाराला आलेल्या बाईची असर वाटेतच होते. एसटी स्टँडच्या बाकावर ओढणी सावरून, लोकांच्या नजरा चुकवत ती पढताना मी पाहिली आहे, आणि तिच्यापासून हाकेच्या अंतरावर पंख्यांची, गालिच्यांची मशीद होती. आमच्या ट्रस्टांकडे मिनार उंच करायला वर्गणी जमते. पुढची वर्गणी या खोलीसाठी जमावी, अशी विनंती सभागृहात जे विश्वस्त बसले असतील त्यांना मी करतो. जागा मोजून घ्यायला माझी यायची तयारी आहे.